तिच्या खोलीची लाइन

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी आली. शोरूमच्या माणसाने पोर्चमध्ये लावून दिली. राखाडी. रंग तिनेच पसंत केला होता. चावी फ्रिजवर ठेवली. संध्याकाळी स्वयंपाक पुन्हा जास्त झाला. दोघांचं माप हातातून जात नाही.

गाडी बायकोसाठीच घेतली होती. दवाखान्यात जाता-येता पेट्रोलच्या वासाने तिला उलट्या व्हायच्या. इंजिनाची थरथर हाडांत जाते म्हणायची. मग शोरूममध्ये ही विजेची पाहिली. "आवाज नाही, वास नाही. मला हिच्यात झोपता येईल," म्हणाली. नंबर लागेपर्यंत ती राहिली नाही. उन्हाळ्यात गेली.

माणसाने जाताना विचारलं, "साहेब, घरी चार्जर कुठला बसवणार?" म्हटलं, बघतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत माहिती वाचली. तीन पर्याय आहेत. गाडीबरोबर आलेली वायर पंधरा अँपियरच्या प्लगला लावायची — रात्रभर लागते, पण भिंतीला हात लावावा लागत नाही. दुसरा, भिंतीवरची लहान पेटी. वेग साधारण तोच, पण पक्कं काम, प्लग तापायची भीती नाही. तिसरा, मोठी पेटी. दोन-तीन तासांत बरीचशी गाडी भरते, पण त्यासाठी वीज कंपनीकडून जास्त भार मंजूर करून आणावा लागतो.

मोठी पेटी मला कशाला? मला कुठे जायचंय?

मुलीचा फोन. "बाबा, वायरच ठेवा. भिंतीला काही ठोकू नका. उद्या इकडे राहायला आलात की उचलून आणता येईल."

"बरं."

"बरं म्हणजे काय? बरं बरं करता आणि करत काहीच नाही!"

हेही बरोबर आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मेहुणा वायरमनला घेऊन आला. मी घराच्या वायरिंगचं ड्रॉइंग काढून ठेवलं होतं — पंपांच्या कारखान्यात तेच करत आलो. मेहुण्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "भावोजी, गाडीला चार्जर बघताय की पोरीला स्थळ?" तिचा भाऊ. हसतो तिच्यासारखाच. त्याच्याकडे फार वेळ बघवत नाही.

वायरमन जुनाच. तिच्या ऑक्सिजनच्या यंत्रासाठी थेट मीटरपासून वेगळी लाइन यानेच ओढली होती. खोलीत गेला, भिंतीवर टकटक केलं. "काका, हे तर आयतं आहे. वेगळा खटका, वेगळी अर्थिंग. भिंतीपलीकडे गाडी उभी. भोक पाडायचं, लहान पेटी बसवायची, झालं! यंत्र आता लागत नाही ना?"

मेहुणाच बोलला. "ते बिघडलंय. नाहीतर कधीच देऊन टाकलं असतं. आमच्या शेजारच्या आजी भाड्याच्या यंत्रासाठी ताटकळल्यात. मिळत नाही कुठे. हो ना भावोजी, बिघडलंच होतं ना?"

मी मान हलवली.

यंत्र बिघडलेलं नाही. रोज संध्याकाळी लावतो. खोलीचं दार अर्धं उघडं ठेवतो आणि बाहेर बसून जेवतो. ती असताना तसंच जेवायचो. आतून घर्रर्र, मग फुस्स, पुन्हा घर्रर्र. झोपताना बंद करतो, आणि बाहेर कोचावर झोपतो. एवढंच. कुणाला काय सांगायचं?

ड्रॉइंगमध्ये यंत्र दाखवलेलं नाही. बिघडलंय म्हटल्यावर दाखवणार कसं?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काही नाही. यंत्राची जाळी धुऊन वाळत घातली.

९ नोव्हेंबर, रविवार

वायरमनला बोलावून सांगितलं, ती लाइन राहू दे. घराला वळसा घालून नवी टाक.

"आयती लाइन सोडून?"

"हो."

"अंगण खणावं लागेल. नवी अर्थिंग. एवढं सगळं कशासाठी?"

"मला ते बरं वाटतं."

त्याने डोकं खाजवलं. मेहुण्याला फोन लावला, तो फोनवरच ओरडला, "अहो, ताई असती तर म्हणाली असती, याचं डोकं फिरलंय!" खरंच म्हणाली असती. वर हेही म्हणाली असती, की माझ्या भावाला नको सांगू, मला सांग, काय झालंय ते.

खणणाऱ्या माणसांना पुढच्या आठवड्याशिवाय सवड नाही. तोवर गाडीची वायर खिडकीतून आत घेऊन तिच्या खोलीतल्या प्लगला लावा, असं वायरमन म्हणाला. "यंत्र बंद आहे तर लाइन मोकळीच आहे."

१० नोव्हेंबर, सोमवार

उशीर झालाय. तरी लिहून ठेवतो.

ऑफिसातून आल्यावर गाडी लावली. खिडकीतून वायर, तिच्या उशाजवळच्या प्लगमध्ये. मग रोजच्यासारखं शेजारच्या प्लगला यंत्र लावलं. दोन्ही एकाच खटक्यावर, आणि भार जास्त झाला की तो पडतो. गाडी एकटीच चौदा-पंधरा अँपियर ओढते. ही बेरीज मला जमत नाही? आयुष्यभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या असल्या चुका काढल्या! पण यंत्र कागदावर नव्हतं, म्हणून माझ्याही हिशेबात नव्हतं.

जेवायला बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग खट्ट. आतला आवाज थांबला आणि यंत्राचा भोंगा सुरू झाला. वीज गेली की तो तसा वाजतो.

मी ताट सोडून पळालो. कॉटशेजारी जादा सिलिंडर असतो, तो ओढला. चावी फिरवली, काटा बघितला, नळी यंत्राची काढून सिलिंडरला लावली. सगळं बरोबर, क्रमाने. ती म्हणायची, "घाबरू नकोस, तेवढा श्वास आहे माझ्यात." मास्क घेऊन वाकलो.

कॉटवर चादर. तिच्या घड्या मीच घातलेल्या.

बाहेर सगळे दिवे चालू होते. शेजारी कुणाचा तरी टीव्ही चालला होता. मास्कमधून हवा येत होती, ती हाताला गार लागत होती. किती वेळ उभा होतो कळलं नाही. भोंगा वाजतच होता. मग यंत्राचं बटण बंद केलं. सिलिंडरची चावी बंद केली.

काटा भरलेल्यावर होता. आजींना भाड्याचंही यंत्र मिळत नाही, आणि मी इथे चादरीला ऑक्सिजन देत होतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वायरमन आला. खटका बघितला, प्लगला हात लावून बघितला. "काका, गाडी एकटी असती तर पडला नसता. दुसरं काय लावलं होतं?"

"इस्त्री," म्हटलं.

त्याने यंत्राकडे पाहिलं. त्याच्यावर धुळीचा कण नाही. खोलीत दुसरं काही नाही. "मग यापुढे इस्त्री बाहेर करा," एवढंच बोलला.

त्याला सांगितलं, अंगण खणू नकोस. लहान पेटी. याच लाइनवर, याच भिंतीला.

मग मेहुण्याला फोन केला. यंत्र चालू आहे म्हटलं. "घेऊन येता का भावोजी?" अगदी हळू विचारलं त्याने. एकही टोमणा नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. मागच्या सीटवर यंत्र, पट्टा लावून. सिलिंडर सोबतीला आलेल्या मेहुण्याने मांडीत धरला. सिग्नलला थांबलो तेव्हा गाडी बंद पडली असंच वाटलं. "चालूच आहे," मेहुणा म्हणाला. "ताईला हेच पाहिजे होतं." नंतर आजींचं घर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. एका वाक्याला दोनदा थांबत होत्या. मास्कचा पट्टा कानांमागून कसा घ्यायचा, जाळी कधी धुवायची, सुनेला दाखवलं. वीज गेल्यावर काय करायचं तेही दाखवलं. दोनदा दाखवलं.

"आवाज फार... करतं का हो?" आजींनी विचारलं.

"करतं. सवय होते."

१५ नोव्हेंबर, शनिवार

पेटी बसली. भोक पाडताना तिच्या कॉटवर सगळी पांढरी धूळ. चादर धुवायला काढली. वायरमनने जुनी तार काढून जाड ओढली, खटका मोठा टाकला.

मुलीला कळवलं. "भिंतीला ठोकलंत?"

"हो."

"म्हणजे तुम्ही येत नाही."

"भेटायला येईन. गाडी आहे ना."

ती रडली. मला फोनवर समजावता येत नाही. तिच्या आईला यायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल तिच्या खोलीत झोपलो. पलीकडे गाडी चार्जिंगला होती. भिंतीला कान लावला — काही नाही. खरंच काही आवाज येत नाही. तिला झोप लागली असती.

सकाळी वायर काढली, फडक्याने पुसली, वेटोळं करून खुंटीला अडकवली.