सुतळीची सोय

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सोफे आणि खुर्च्यांना कापड बसवण्याचा, सध्या बंद, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. छातीबद्दल तसं सांगता येणार नाही. जन्मभर कापसाची आणि फोमची धूळ ओढली, ती आता बाहेर पडायचं नाव घेत नाही. डॉक्टरांनी मोघम बोलून का होईना, आवरायला सांगितलं आहे. म्हणून हे मृत्युपत्र. ते करायला मला कोणी भाग पाडलेलं नाही, आणि यापूर्वी मी असं काही केलेलं नसल्यामुळे रद्द करायलाही काही नाही. मी सांगतो आहे आणि वकीलबाई लिहून घेत आहेत. मधूनमधून त्या "हे नको" म्हणतात. पण पत्र माझं आहे.

कलम १. राहतं घर, म्हणजे खालचं दुकान, त्यामागची खोली आणि वरच्या दोन खोल्या, हे सगळं माझ्या मुलाला मिळावं. तो विकणार आहे. त्याने तसं फोनवर स्वच्छ सांगितलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. जिना अरुंद आहे, मागच्या भिंतीला ओल आहे. गिऱ्हाइकाला ती दाखवायची की नाही, हे त्याचं त्याने ठरवावं.

कलम २. माझी हत्यारं, म्हणजे वाकड्या सुया, पट्टे ताणायची फळी, चुंबकाची हातोडी आणि दोन्ही शिलाई यंत्रं, माझ्या जुन्या भागीदाराला द्यावीत. भागीदारी मोडली तेव्हा तो माझी मोठी कात्री घेऊन गेला, आणि मी त्याच्या नावाने इतकी वर्षं खडे फोडले. कात्री त्याच्याकडे आहेच, आता बाकीचंही जाऊ दे. एवढ्यातेवढ्यावर राग धरायचा मला कंटाळा आला आहे. शिवाय ज्या गोष्टीवरून कोणी माझ्यावर राग धरायला हवा होता, ती पुढे येतेच आहे.

कलम ३. बँकेत जे काही उरेल ते, माझी दवाखान्याची बिलं भागवून, शर्यतीतून काढून टाकलेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्या संस्थेला द्यावं. पळून पळून पाय बोलायला लागले की मालक या कुत्र्यांना दारात ठेवत नाहीत. मी त्या संस्थेतून एकामागून एक तीन कुत्री आणली. मास्तर, फणी आणि सुतळी. मास्तर हे नाव त्याच्या तोंडावरून पडलं. सगळ्या जगाचे पेपर तपासून आल्यासारखा तो बघायचा. फणीच्या बरगड्या मोजता यायच्या, म्हणून फणी. सुतळी का, ते तिला बघितलं की कळतं.

समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी त्या बरगड्या बघून, मी मुक्या जनावराला उपाशी मारतो अशी माझी तक्रार केली होती. चौकशीला माणूस आला तेव्हा फणी सोफ्यावर उताणी झोपली होती आणि मी तिच्यासाठी उकडलेल्या कोंबडीची हाडं काढत बसलो होतो. तो माणूस म्हणाला, "काका, मलाच दत्तक घ्या." त्या बाईंना काहीही देऊ नये. वकीलबाई म्हणतात, ज्यांना काही द्यायचं नाही त्यांची नावं लिहायची गरज नसते. मी नाव लिहिलेलं नाही.

कलम ४. हे कलम मालमत्तेचं नाही. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं होतं, ते मी पुन्हा उचलायला लावलं.

मास्तर एकदा लंगडायला लागला होता. मी त्याचा पाय गरम पाण्याने शेकला, तेल लावून चोळला, माझ्याच कापडाची पट्टी बांधली, आणि तो बरा झाला. झालं, मला शिंगं फुटली. ग्रेहाउंड म्हणजे काय ते मला विचारा, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवू लागलो. मास्तर म्हातारा होऊन गेला. मग फणी आली, आणि काही वर्षांनी तिचा पुढचा पाय दुखायला लागला.

तेव्हा माझा मुलगा आणि सूनबाई वर राहत होते. सूनबाई लॉन्ड्रीत इस्त्रीला जायची. नुसता हात लागला की कापड कुठे गरम आहे, कुठे नाही, ते तिला कळायचं. तिने फणीचा पाय हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, हे मुरगळणं नाही वाटत. मनगटाच्या वर बघा, सूज आहे आणि कढत लागतंय. दाखवून आणू या का?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हणालो, "तू चादरी बघ. कुत्री मी बघतो."

तिने फणीचा पाय हळूच खाली ठेवला. मी रोज चोळत राहिलो. ग्रेहाउंडच्या हाडात कर्करोग होतो, तो नेमका तिथेच होतो, आणि चोळून तो जात नाही, हे ज्याला त्याला ग्रेहाउंड शिकवणाऱ्या मला माहीत नव्हतं. मग एका सकाळी फणी सोफ्यावरून उतरली आणि तिचा पाय मोडला. तो आवाज मी लिहून घ्यायला सांगणार नाही. सूनबाईने तेवढ्यात फरशी पुसली होती. मी कुत्रीला उचलायच्या आधी ओरडलो, "फरशी कोरडी करायला काय झालं होतं तुला?"

दवाखान्यात डॉक्टरांनी मला फोटो दाखवला. हाड आतून पोखरलं होतं. ते म्हणाले, "कोरड्या फरशीवरही मोडलंच असतं. आधी आणायला हवी होती." खोलीत त्या वेळी मी एकटाच होतो. सूनबाई धावतपळत मागून आली. फणीला शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन सूनबाई बसली होती. मी दाराबाहेर उभा होतो, कारण माझ्याने आत उभं राहवेना. मी तिचं बोलणं ऐकलं. ती फणीला म्हणत होती, "चुकलं गं माझं. कोरडं पुसून घ्यायला हवं होतं."

मी आत जाऊन एक वाक्य बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, घसरली. मुलानेही तेच धरलं. त्यांचं भांडण झालं की तो हटकून म्हणायचा, "बाबांची कुत्री मारलीस." मी जेवत असायचो, मान खाली घालून जेवत राहायचो. पुढे त्यांचं फाटलं. एका फरशीवरून संसार मोडत नाही, मला कळतं ते. पण प्रत्येक भांडणात ती फरशी होती, आणि मी शेजारच्या खोलीत होतो.

मला याची लाज वाटते. रोज वाटते. ती वाटूनही मी काही केलं नाही, याची वेगळी वाटते.

कलम ५. सुतळी. वकीलबाईंच्या म्हणण्याप्रमाणे कायद्याने ती जंगम मालमत्ता आहे. दुपारी तिला सोफ्यावरून हलवून दाखवावं. तिचं वय झालं आहे आणि तिची मूत्रपिंडं बिघडली आहेत. मुलाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, "बाबा, आमच्याकडे सोफे पांढरे आहेत. आणि आजारी कुत्रीला कशाला ओढत न्यायचं? झोपवून टाकू ना तिला." तो दुष्ट नाही. घाईत आहे.

मी दवाखान्यात पडून होतो तेव्हा समोर चष्म्याचं दुकान असलेल्या चष्मेवाल्याने, मला न विचारता, सूनबाईला फोन केला. आता तिची स्वतःची लॉन्ड्री आहे. तरी तेव्हापासून ती रोज दोन वेळा येते, सुतळीला फिरवते, अंथरुणं धुऊन आणते. सुतळी या घरात आली तेव्हा सूनबाई अजून इथे राहत होती. काच म्हणजे काय ते सुतळीला ठाऊक नव्हतं, ती दुकानाच्या दारावर जाऊन आपटायची. त्या काचेवर कागदाच्या पट्ट्या सूनबाईने चिकटवल्या, त्या अजून आहेत. माझ्याशी ती बोलत नाही. सुतळीशी बोलते. "सांग त्यांना, गोळ्या संपत आल्यात." मी म्हणतो, "सांग तिला, आणवतो." सुतळी दोघांकडे बघते आणि जांभई देते.

तिला विचारायला मला तोंड नाही. जिच्यावर एका कुत्रीच्या मरणाचा आळ येऊ दिला, तिलाच दुसरी सांभाळ म्हणून कसं सांगू? घर तिच्या नावावर करावं असं मनात आलं होतं. पण ते लाच दिल्यासारखं दिसलं असतं, आणि असतीही ती लाचच. म्हणून असं ठरवतो की माझ्यामागे सुतळीला कलम ३ मधल्या संस्थेत पाठवावं. म्हाताऱ्या, आजारी कुत्रीला तिथून कोणी नेत नाही, हे मला माहीत आहे. तिथे पिंजरा आहे आणि खाली सिमेंट आहे. मी ते पाहून आलो आहे.

जो कोणी तिला बघेल त्याच्यासाठी सूचना. ती डोळे उघडे ठेवून झोपते. जागी आहे असं समजून अंगाला हात लावू नये, आधी हाक मारावी, नाहीतर दचकून चावते आणि मग स्वतःच लाजते. मान डोक्यापेक्षा जाड आहे, साधा पट्टा निसटतो, रुंदच वापरावा. रस्त्यावर कधीही मोकळं सोडू नये. मांजर दिसलं की तिला आपलं वय आठवत नाही. कातडी पातळ आहे, खिळ्याला घासली तरी फाटते. थंडीत कोट घालावा, मी शिवलेले पेटीत आहेत. अंथरूण जाड हवं, हाडं टोचतात तिला. नव्या डॉक्टरला आधी सांगावं की ही ग्रेहाउंड आहे, यांच्या रक्ताचे आकडे इतर कुत्र्यांसारखे नसतात, आणि भूल जपून द्यावी लागते. ती येऊन माणसाच्या पायाला सगळा भार टाकून उभी राहते. तेव्हा हातातलं काम थांबवावं. आणि लंगडली तर चोळत बसू नये. त्याच दिवशी दाखवावं.

दुरुस्ती, त्याच दिवशी दुपारी केलेली. साक्षीदार म्हणून मी चष्मेवाल्याला आणि सूनबाईला बसवलं होतं. साक्षीदाराने मजकूर ऐकलाच पाहिजे असं नाही, पण मी वकीलबाईंना सगळं मोठ्याने वाचायला सांगितलं. कलम ४ तिच्या कानावर घालायचा दुसरा रस्ता मला सुचला नाही. तेही दुसऱ्याच्या तोंडून. हाही भित्रेपणाच, तोही इथे लिहावा.

वाचन चालू असताना मी पलंगावर पडून छताकडे बघत होतो. सुतळी सूनबाईच्या पायाला टेकून उभी होती. कलम ४ संपलं. मग सूनबाई म्हणाली, "माहीत आहे मला. दवाखान्यात राहिलेला फणीचा पट्टा आणायला मीच गेले होते. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती थेट माझ्याशी बोलली होती. मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते."

मी वकीलबाईंना पुढचं कलम वाचायला सांगितलं.

कलम ५ वाचून झाल्यावर वकीलबाईंनी तिच्यापुढे पेन धरलं आणि रीतसर विचारलं, "साक्षीदाराला या पत्रातून काही मिळता कामा नये. तुम्हाला काही मिळत नाहीये ना?"

तिने पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं. "मग मी नाही सही करत."

"म्हणजे?" वकीलबाईंनी विचारलं.

"म्हणजे सही केली तर सुतळी मला मिळणार नाही ना. दुसरं कोणीतरी बघा."

चष्मेवाला उगाच चष्मा पुसायला लागला. मला धाप लागली होती, तरी मी म्हणालो, "अगं, तू मला..."

"नाही," ती म्हणाली. "तसलं काही डोक्यात घेऊ नका. कुत्री येतेय माझ्याकडे. तुम्हाला माफ केलंय असं मी कुठे म्हटलं?"

पार्सल घेऊन आलेल्या माणसाला दारातच थांबवून साक्षीदार केलं. वकीलबाईंनी जुनं कलम ५ खोडलं आणि नवीन लिहायला घेतलं. लिहिता लिहिता त्यांनी मला विचारलं, "यांचं नातं काय लावू? पूर्वीची सून?" मी तिच्याकडे पाहिलं. ती सुतळीच्या गळ्यातला पट्टा सैल करत होती. वर न बघता म्हणाली, "माझं नातं हिच्याशी आहे. यांच्याशी नाही. तसंच लिहा."

वकीलबाईंनी पेन थांबवलं. असं लिहीत नाहीत, म्हणाल्या. मी म्हणालो, लिहा.

कलम ५, सुधारित. सुतळी ही कुत्री, तिचे कोट, अंथरुणं आणि औषधं यांसह, लॉन्ड्री चालवणाऱ्या त्या बाईंकडे जावी, ज्यांचं नातं सुतळीशी आहे, माझ्याशी नाही.

वरचा सगळा मजकूर मला वाचून दाखवला. तो खरा आहे. कलम ४ आणि कलम ५ मधला एकही शब्द माझ्या मुलाने किंवा आणखी कोणी पुढे बदलू नये.

स्थळ : दुकान, खालचा मजला, पलंगावर बसून
दिनांक : ९ नोव्हेंबर, दुपार

लिहून ठेवणार : सोफेवाला (सही. वाकडी आली आहे, पण माझीच आहे.)

आमच्यासमोर सही केली :
१. समोरचा चष्मेवाला (सही)
२. पार्सलवाला (सही)

मजकूर लिहून घेणार : वकीलबाई (सही)