कोरडं फडकं

सोमवार, ४ तारीख

वही विकत घेतली त्याला तीन आठवडे झाले. पहिल्या पानावर फक्त चहाच्या कपाचा गोल उमटलाय. उद्या लिहू, उद्या लिहू — माझं सगळं असंच. शाळा अर्धी, शिवणक्लास अर्धा, बेकरीत चार महिने, बोटीवर तिकिटं फाडायला दोन. आज मात्र लिहायला बसले, कारण आज गाडी आली.

बाबांची काळी गाडी. भाऊजी घेऊन आले. बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, गाडी नुसतीच उभी, म्हणून ताईने त्यांना सांगितलं की सर्व्हिसिंगला पाठवतेय. कुठे, ते नाही सांगितलं. रविवारी सकाळी भाऊजी बसने येऊन गाडी परत नेणार. तोवर ती माझ्या ताब्यात.

आता हे लिहूनच टाकते. तीन वर्षांपूर्वी, ताईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी ही गाडी धुतली. मला कुणी सांगितलं नव्हतं. चांगला साबण लावून, पाइप धरून धुतली. बॉनेटवर पक्ष्यांची घाण वाळून बसलेली, ती निघेना, म्हणून भांड्यांची तारेची घासणी आणली. बाबा आले. उन्हात गाडीभोवती एक फेरी मारली. सगळ्या अंगावर गोल गोल बारीक ओरखडे, जणू कोळ्याने जाळं विणलंय. "तुझ्या हातून एक काम धड होत नाही," एवढंच म्हणाले. ओरडलेसुद्धा नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. लग्न उरकलं आणि चौथ्या दिवशी मी घर सोडलं.

मी गाड्या पॉलिश करते त्या वर्कशॉपचे मालक, उस्ताद, यांनी गाडीवर दिवा धरला. जाळं लख्ख दिसलं.

"कुणाची गं, भिंगरी?"

"आमच्या बाबांची."

"मग तूच कर. मी हात लावणार नाही."

मी इथे सात महिने टिकलेय. माझा विक्रम आहे.

मंगळवार, ५

दोन बादल्यांनी धुतली. एकीत साबण, दुसरीत साधं पाणी, हातमोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात पिळायचा म्हणजे माती परत रंगावर जात नाही. मग सगळ्या कडांना टेप लावली. कडेला रंग पातळ असतो, पॉलिशचं मशीन तिथे क्षणभर जास्त थांबलं की खालचा पत्रा दिसतो.

धुवून होईस्तोवर वर्कशॉपच्या मांजरीने नेमक्या मशीनच्या नव्या पॅडवर ताणून दिली होती. तिला उठवण्यात, मग समजावण्यात, मग तिच्या कानामागचं गोचीड काढण्यात अर्धा तास गेला. तरी संध्याकाळपर्यंत बॉनेट आणि उजवे दोन्ही दरवाजे करून टाकले. आरशासारखे. दरवाजात माझे दात दिसत होते. उस्ताद चार दिवस म्हणाले होते, मी दोनच दिवसांत उरकणार.

बुधवार, ६

उस्तादांनी दरवाजा बघितला, मान हलवली, स्पिरिटचा बोळा घेतला आणि एकदाच पुसला. सगळं जाळं परत आलं. जसंच्या तसं.

"टकलावर तेल चोपडलंस," म्हणाले. "ओरखडा गेला नाही, पॉलिशने बुजला. पहिल्या धुण्याला बाप बघेल."

मी मशीन खाली ठेवलं आणि बाहेर गेले. बस स्टँड इथून दोन मिनिटांवर आहे. कुठेही राहायला गेले की मी आधी तेच बघून ठेवते. बाकावर बसले. एक बस लागली, भरली, सुटली. दुसरी लागली. कंडक्टरने विचारलं, "येताय का ताई?" मी त्याला सांगितलं, माझं काम चालू आहे.

परत आले. पॅड बदललं. हातभर चौकोन घ्यायचा, आधी आडवं मारायचं, मग उभं, मग स्पिरिट, मग दिवा. तेव्हाच पुढचा चौकोन. दिवसभरात एकच दरवाजा झाला. पण हा खरा झाला.

गुरुवार, ७

आज बॉनेट. दिव्याखाली उस्तादांनी तीन लांब, खोल रेघा बोटाने दाखवल्या.

"या तीन तारेच्या. या तुझ्या."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुझं नाही."

मला वाटलं माझी समजूत काढतायत. तसं सांगितलं तर वैतागले. "समजूत काढायला मी तुझा मामा लागतो का? हे एका दिवसाचं काम नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं, रोज, गाडी न धुता, धुळीसकट कोरड्या फडक्याने गोल गोल पुसलीय."

पिवळं फडकं! रोज सकाळी चहा झाला की बाबा ते खांद्यावर टाकून खाली जायचे. दहा मिनिटं गोल गोल. आम्हाला गाडीला बोटसुद्धा लावू द्यायचे नाहीत.

"मग त्यांना आधी कधी दिसलं कसं नाही?"

"धुळीत दिसतं होय? तू साबणाने धुतलीस, वर ऊन होतं. त्या दिवशी गाडी पहिल्यांदा स्वच्छ झाली असेल."

मशीन बंद करून मी पायरीवर बसले. आधी हसू आलं. मग राग आला, तीन वर्षांचा एकदम. ताईला फोन लावला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना सांगणारेस?"

"नाही. तूही सांगू नकोस. शप्पथ घे."

"घेतली बाई."

मग जाळं त्यांचं, तर मी का घासत बसायचं? हा विचार साधारण एक चौकोनभर टिकला. पण स्पिरिट मारून दिवा धरला तर खाली नुसता काळाभोर रंग, खोल विहिरीसारखा. मग थांबवेना.

शुक्रवार, ८

डावी बाजू आणि डिकी. हातांना मुंग्या. चमचा धरता येत नाही, अक्षर बघ कसं आलंय.

शनिवार, ९

संपलं. छप्परसुद्धा. उस्तादांनी सगळ्या गाडीवर स्पिरिट फिरवलं, कोपऱ्याकोपऱ्यात दिवा धरला आणि विझवला. म्हणजे पास.

तारेच्या तीन रेघांपैकी दोन गेल्या. तिसरी आहे, बॉनेटच्या मधोमध, करंगळीएवढी. उस्तादांनी रंगाची जाडी मोजायचं यंत्र टेकवलं, आकडा दाखवला.

"अजून एक हात मारू का?"

"मार की. रेघ जाईल, रंगही जाईल."

मशीन हातात घेऊन उभी होते. ही एकच तर खरी माझी, आणि हीच राहणार. पाच मिनिटं तरी उभी होते. मग वायर गुंडाळून ठेवली.

उद्या भाऊजी येतील. त्यांना सांगणार, बाबांनी विचारलं तर म्हणा, ती रेघ पोरीची आहे.

रविवार, १०

सकाळचे आठ. उस्ताद आत्ताच वर्कशॉपवरच्या माझ्या खोलीत येऊन सांगून गेले. भाऊजी आलेत, आणि बरोबर एक गृहस्थ. रात्रीच्या बसमध्ये सहा तास, प्लास्टरसकट. काखेत कुबडी, हातात पिवळं फडकं. गाडीपासून हातभर लांब उभे आहेत, शिवत नाहीत. विचारतायत, गाडी धुवायला शिकवते ती मुलगी कुठे आहे.

ताईच्या पोटात काही म्हणून राहत नाही.

दोन बादल्या भरून खाली जाते.