न सुकलेला अर्क

४ फेब्रुवारी

मेल्या! सगळ्या पेशी मेल्या! तोंडाच्या कॅन्सरच्या, काचेच्या थाळीत वाढवलेल्या. समुद्रातून आणलेला तो पिवळा स्पंज मीच कुटला, अल्कोहोलमध्ये भिजवला, अर्क मीच सुकवला. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "थांबा, पुन्हा करून बघू. आणि खरं निघालं तरी औषध व्हायला पंधरा वर्षं."

ऐकलं. तरी खोलीवर येऊन दादाला फोन केलाच. दुसरं आहे कोण मला?

५ फेब्रुवारी

दादाच्या जिभेवर कॅन्सरची गाठ आहे. बारा तारखेला जीभ काढायची. आज म्हणतो, "काय रे शास्त्रज्ञा, औषध सापडलंय तर कापू कशाला? मग तुला शिव्या कोण घालणार?" हसला. किती दिवसांनी! 'पंधरा वर्षं' ओठांवर आलं होतं. गिळलं.

८ फेब्रुवारी

दादानं ऑपरेशन रद्द केलं. माझ्या शब्दावर.

९ फेब्रुवारी

मॅडमनी अर्काची कुपी पुन्हा हवा खेचणाऱ्या पंपावर सुकायला लावली. वजन घटलं — म्हणजे अर्क ओलाच होता! दोन दिवस ठेवायचा, मी घाईनं एका दिवसात काढला. पेशी उरलेल्या अल्कोहोलनं मेल्या असणार. मॅडम रागावल्या नाहीत. "होतं असं," म्हणाल्या. त्यांना काय माहीत! आता सुका अर्क घालून पुन्हा बघायचं.

११ फेब्रुवारी

थाळी उघडण्याआधी हात जोडले. देवा, मरू देत. असं मागणं जन्मात मागितलं नव्हतं.

जिवंत. सगळ्या टवटवीत.

दादाला सांगून टाकलं. पंधरा वर्षांचंही. मग म्हणाला, "मी इथं मरतोय, आणि तू मला गोष्टी सांगत होतास?" म्हटलं, "दादा, उद्याच्या उद्या जा, डॉक्टरांकडून नवी तारीख घे." "तू इकडं फिरकू नकोस." फोन बंद.

१९ फेब्रुवारी

उचलत नाही. गेला का दवाखान्यात? विचारू कुणाला? आणि जाऊ तरी कुठल्या तोंडानं? स्पंज कुटला. खोलीवर आलो. एक ताट, एक वाटी. धुऊन पालथी घातली.

२६ फेब्रुवारी

तसंच. आज देवापुढे बसलो, पण काही मागवेना.

५ मार्च

दादाचा नंबर! "दादा?" म्हटलं. शब्द एकही नाही — घशातून नुसतं "अं... ऊं..." लांबलचक, चढत जाणारं. म्हणजे ऑपरेशन झालं! चाल लहानपणापासून ओळखीची. शिवीच होती!