समीरच्या कंपनीचे जुने शर्ट

बुओना व्हिस्टा, सिंगापूर, मंगळवार, ऑगस्ट २०१३

चार दिवस काही लिहिलं नाही, चुकलंच. मन थाऱ्यावर नाही. माझा मुलगा समीर नोकरी करतो ती गेम बनवणारी कंपनी मूळची इंग्लंडची, दोघा मित्रांनी काढलेली. मग विकली, पुन्हा विकली. दर वेळी नवं नाव, सगळ्यांना नवा शर्ट. जुने मी घालतो. आज सून म्हणाली, “बाबा, तो शर्ट घालून खाली नका जाऊ. शेजारच्या कुलकर्ण्यांना त्याच कंपनीतून काढलंय.”

मला वाटलं होतं, फार तर पुन्हा नाव बदलेल. पण या वेळी इथलं ऑफिसच बंद करणार म्हणे. मग समीरचा इथे राहून काम करण्याचा पास जाणार, नातीची शाळा सुटणार, आणि आम्ही... कुठे? शर्ट काढून ठेवला.

तिथल्या ऑफिसात जागा देता का, हे विचारायला समीर इंग्लंडला गेलाय, अजून फोन नाही. समीर, काय असेल ते लवकर कळव रे. नाही म्हणाले असतील, तरी कळव.