मधेच बोलू नकोस

४ फेब्रुवारी

प्रिय ठकी,
स. न. वि. वि.

हॉल मिळाला एकदाचा! नदीकाठचा कुणीतरी आधीच पटकावला होता. हा बाजाराच्या मागचा, वरच्या मजल्यावरचा, उंच खिडक्यांचा. जिना अरुंद आहे. होणाऱ्या सासूबाई दर वळणावर थांबून माझ्याकडे अशा बघत होत्या, जसा काही तो मीच बांधलाय. हे सगळं फोनवर सांगणार होते, पण फोनवर तू हं आणि अंहंच्या पुढे जात नाहीस आणि पत्रात मात्र माझी सालटी काढतेस, म्हणून लिहितेच.

करवली तूच, हे काय वेगळं सांगायला हवं? दुसरी माझी होणारी नणंद. ती शाळेत शिकवते, आणि तिला गप्प करणं तिच्या भावालाही जमलेलं नाही. तुम्हा दोघींचे कपडे एकसारखे, मोहरीच्या रंगाचे. तू सकाळपासून माझ्याजवळ राहायचंस, टाचण्या, सुईदोरा, माझी पर्स सगळं तुझ्या ताब्यात, फुलवाला लबाड आहे त्याच्याकडून फुलं नीट बघून घ्यायची, आणि माझ्या बाबांना लोकांना अडवून आपल्या पोटाच्या तक्रारी सांगायची हुक्की आली तर त्यांना खुर्चीवर बसवायचं.

माझ्या होणाऱ्या सासरी लग्नाच्या जेवणाआधी मुलीच्या बाजूचं कुणीतरी उठून तिच्याबद्दल चार शब्द बोलतं. त्याची तू मुळीच काळजी करू नकोस, ते नणंदेनं अंगावर घेतलंय. तिला माझी माहिती मीच पुरवते आहे, आणि आपले शाळेतले सगळे किस्से दिलेत.

उत्तर लगेच टाक. लोभ आहे तो वाढव, कमी करशील तर घरी येऊन भांडेन.
तुझीच,
भिंगरी


११ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,
स. न. वि. वि.

हॉल मिळाला, छान झालं. कारखान्यात काचा घासायचं नवीन यंत्र आलंय, ते कुणालाच धड येत नाही आणि चष्म्यांचे ढीग पडलेत. करवली म्हणून दिवसभर थांबणं मला जमेलसं वाटत नाही. दुसरी कुणी बघ. जेवायला येऊन जाईन.

लोभ असू दे.
ठकी


१५ फेब्रुवारी

ठकी,
नमस्कार-बिमस्कार काही नाही, मी चिडलेय.

हे काय पत्र आहे? विजेचं बिल याहून प्रेमळ असतं! रंग आवडला नाही का? मोहरीच्या रंगात तू काविळीतून उठल्यासारखी दिसतेस हे मला मान्य आहे, पण मग तसं सांगायचं, आपण निळा घेऊ. नणंदेला निळा चालत नाही, तिला म्हणावं तुझं लग्न असेल तेव्हा बघू. की फुलवाल्याचं काम नको? तेही मी करते. पण यंत्राचं कारण सांगू नकोस, तुझ्या यंत्राला माझं लग्न ठाऊक नसलं तरी तुझ्या साहेबांना ठाऊक आहे, मी स्वतः त्यांना बोलावणं केलंय.

इथे मला झोप नाही, भूक नाही. तिकीट खिडकीवर बसते आणि उत्तरेला जाणाऱ्यांना दक्षिणेची तिकिटं देते. काय बिघडलं ते सांग, नाहीतर मी वेडी होईन.

तुझी (अजून तरी),
भिंगरी


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पायाची सूज उतरली का? दुकानात उभं राहून इस्त्री करू नकोस असं डॉक्टरांनी सांगून झालं, मी सांगून झालं, आता भिंतींनीच सांगायचं राहिलंय.

तू विचारलंस की भिंगरीच्या लग्नाची तयारी कुठवर आली. आत्या, मी नाही म्हणून कळवलंय. लग्नाला जाईन, चार घास खाईन आणि परत येईन. तिला वाटतंय मी कपड्यांच्या रंगावरून रुसले. तिच्या बाजूनं बोलायचं काम तिनं नवऱ्याच्या बहिणीला दिलंय, आणि मला काय, तर टाचण्या! वर म्हणते काळजी करू नकोस. मुलाच्या घरची बाई मुलीच्या बाजूनं बोलणार, तेही माझ्या आठवणी उसन्या घेऊन, आणि मी शेजारी पर्स सांभाळत उभी. मी बोलताना अडखळते हे मला ठाऊक आहे. पण तिनं एकदा विचारायचं तरी होतं. मी नाही म्हटलं असतं कदाचित. पण ते मी म्हटलं असतं ना!

रोज काचा घासताना डोक्यात हेच फिरतं. काल एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. ते घालून बघितल्यावर म्हणाले की आज जग जरा तिरपं दिसतंय. मनात म्हटलं, मलाही.

तुझी माया अशीच असू दे.
ठकी


२५ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पाय ठीक आहे, त्याची चौकशी पुरे. तुझी तक्रार वाचली. बाई गं, ज्याच्यावर राग आहे त्याला सोडून हे सगळं तू मला लिहिलंस. ताकाला जाऊन भांडं लपवतेस ते लपवतेस, वर ताक मिळालं नाही म्हणून रडतेस.

ती पोरगी भिंगरीच आहे, गरगर फिरते, पायाखाली कोण आलं ते तिला दिसत नाही. पण मनात खोट नाही. लहानपणी ती तुझ्यासाठी भांडायची, तुझ्या वतीनं धडा वाचायची, तुला तेव्हा ते हवंही होतं. आता नको असेल तर तिला कसं कळणार? तुझ्या कपाळावर लिहिलंय का? कडक सुरकुती नुसती इस्त्री फिरवून जात नाही, आधी पाणी शिंपडावं लागतं. लिही तिला, स्पष्ट लिही.

आणि एक. भर हॉलमध्ये तू बोलायला उभी राहशील या विचारानंच माझ्या पोटात गोळा आलाय. पण तो माझ्या पोटातला आहे, त्याच्याकडे तू लक्ष देऊ नकोस.

देव तुझं भलं करो, आणि तोंड उघडायची बुद्धी देवो.
आत्या


२८ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,
स. न. वि. वि.

रंग चांगला आहे. कावीळ झालेली दिसले तरी चालेल. यंत्राचं खोटं सांगितलं.

मला राग आलाय तो भाषणाचा. तुझ्याबद्दल चार शब्द बोलायचे तर ते मी बोलायचे, आणि मी सोडून कुणी बोलायचे नाहीत. तू मला विचारलंही नाहीस. तुला वाटलं, हिची जीभ अडेल, लोक हसतील, हिला वाचवू या. तू मला कायमच वाचवतेस. दुकानात मी तोंड उघडायच्या आत तू माझा साबण मागतेस. डॉक्टरांना माझं दुखणं तू सांगतेस, आणि चुकीचं सांगतेस. कॅन्टीनमध्ये मी क म्हणते आणि तू दोन कॉफी मागवून मोकळी होतेस. भिंगरी, मला कोको हवा असतो. मला कॉफी आवडत नाही! शाळा सुटल्यापासून तुझ्यासमोर बसून मी आवडत नसलेली कॉफी पितेय.

तर ऐक. करवली मीच होणार, टाचण्या मीच ठेवणार, तुझ्या बाबांनाही बसवीन. पण बोलणार मी. आणि मी कुठेही अडले, कितीही वेळ अडले, तरी तू मधेच बोलायचं नाहीस. एक अक्षर नाही. तेवढं जमणार नसेल तर मी जेवायलाही येणार नाही, आणि पुढे कधीच येणार नाही. हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. आधी तीन कागद फाडलेत.

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं.
ठकी


६ मार्च

प्रिय ठकी,
स. न. वि. वि.

तुझं पत्र खिडकीवर बसून वाचलं, समोर रांग लागली होती, आणि मी रडत होते. एक बाई म्हणाल्या की तिकीट महाग असेल तर राहू दे, तू नको रडू.

आधी मला राग आला. खूप आला. वर्गात तो मागच्या बाकावरचा मुलगा तुझी नक्कल करायचा तेव्हा त्याच्या शाईच्या दौतीत थुंकणारी कोण होती? तेव्हा गोड लागलं, आता टोचायला लागलं? मी तुझ्यासाठी बोलले ते तुझी पत राहावी म्हणून, मला काय बोलायची हौस आहे? (हौस आहे. पण ती वेगळी.) मग कॉफीचं परत वाचलं आणि राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं! अगं एकदा माझ्या अंगावर ओतायची होतीस!

नणंदेला सांगितलं. तिनं गाल फुगवले, भाषण पाठ झालं होतं म्हणे. सासूबाईंनी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला बाजूला घेतलं आणि विचारलं की समारंभाची शोभा झाली तर काय. तो म्हणाला की शोभा झाली तर आमची होईल. बरा आहे गं तो.

पण ठकी, मला भीती वाटतेय. तू अडशील याची नाही, माझी. तुझा पहिला आवाज निघाला की पुढचा शब्द माझ्या तोंडात आपसूक येतो, शिंकेसारखा. शिंक कशी दाबायची? तरी तुझी अट कबूल. तोंडाला कुलूप लावीन. नाही जमलं तर तू मला सोडून जाणार हे कळलंय मला, नीट कळलंय.

लोभ आहे, आणि धाकही आहे.
भिंगरी


३० मार्च

प्रिय ठकी,
स. न. वि. वि.

नव्या घरात आले. स्वयंपाकघराची खिडकी उघडत नाही आणि उघडली की मिटत नाही. सगळे प्रेमळ आहेत. पण माझं कशात लक्ष नाही. लग्नाच्या दिवशी तू जेवून न भेटताच गेलीस. टाचण्यांची डबी टेबलावर ठेवलेली सापडली, तू नव्हतीस. तेव्हापासून मी जिना वर-खाली करते आहे.

मला माहीत आहे तू का गेलीस. तू छान बोलत होतीस, बाबांना हसू आवरत नव्हतं. मग तू म्हणालीस की हिला बाकी सगळे काहीही म्हणोत, माझ्यासाठी ही आहे, आणि तिथे अडलीस. भ वर. तू ठेवलेलं माझं नाव त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाला ठाऊकच नाही. नणंद मागून भाग्य, भरवसा, भगिनी असं काय काय पुटपुटायला लागली, मी तिचा गुडघा असा दाबला की अजून काळानिळा आहे. कुणीतरी खुर्ची सरकवली. सासूबाई पदराशी चाळा करत होत्या. आणि तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस.

शाळेपासून तुझ्या त्या बघण्याचा एकच अर्थ होता, की माझ्या वतीनं तू सांग. मला शब्द माहीत होता, ठकी. माझंच नाव होतं! तू डोळ्यांनी मागत होतीस आणि मी दिला नाही. कबूल केलं होतं म्हणून ओठ चावत बसले. तू किती वेळ तशी उभी होतीस, देवा! शेवटी तुझं तू बोललीस, सगळे हसले, टाळ्या वाजल्या, पण पुढचं एक अक्षर माझ्या कानात शिरलं नाही. मनात एवढंच की हिनं हात पुढे केला आणि मी बघत राहिले. अट पाळली आणि मैत्रीण बुडवली. मी चुकले का? चुकले असेन तर शिव्या दे, पण लिही.

लोभ उरला असेल तर त्यातला थोडा पाठव.
तुझी,
भिंगरी


४ एप्रिल

प्रिय भिंगरी,
स. न. वि. वि.

आधी जिना चढणं-उतरणं थांबव, गुडघे जातील. बसची वेळ झाली होती, शिवाय तुझ्या भोवती एवढे पाहुणे होते की तुझ्यापर्यंत पोचायला मला कोपरं मारत यावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर रडू येत होतं, ते मला मोहरीच्या कपड्यांत करायचं नव्हतं.

तुझी काही चूक झाली नाही. सुरुवातीला खरंच अडलं. तो भ घशात असा रुतून बसला की पायाच्या बोटांपर्यंत घाम फुटला, आणि तुझ्याकडे मान वळली ती जुन्या सवयीनंच. मग तू दिसलीस. ओठ गच्च मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या, चेहरा लालबुंद, नणंदेच्या गुडघ्यावर हात. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत होतीस. आईनं तशी कधी बघितली नाही, बाईंनी नाही, डॉक्टरांनी नाही, कुणीच नाही.

शब्द केव्हाच आला होता, भिंगरी. जिभेवर तयार होता. पण तू अजून गप्प होतीस, आणि मला ते संपवावंसं वाटेना. म्हणून मी तशीच उभी राहिले.

येत्या रविवारी येते. लोभ जपून ठेव, मी आल्यावर बघेन किती आहे तो.
तुझी,
ठकी