त्याने हाक मारली का

८ फेब्रुवारी २०१५
आंद्रेसला जाऊन तीन आठवडे झाले. जावयाचे बूट अजून दारातच. मी हलवत नाही, केतकीही नाही. खाली लिफ्टपाशी चायनीज न्यू इयरचे लाल कंदील लावलेत, त्यांच्याकडे बघवत नाही.
आज स्पेनहून विहीणबाईंचा फोन. पाय प्लास्टरमध्ये, म्हणून पिलारबाईंना लेकाचं शेवटचं तोंडही बघता आलं नाही. मला त्यांचं एक अक्षरही कळत नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. "मे यामो?" के.ला विचारलं.
"त्याने मला हाक मारली का, असं विचारतायत. मी तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते, आई. तू होतीस त्याच्याजवळ. तूच सांग."
आणि खोलीत जाऊन दार लावलं.

१६ फेब्रुवारी
इथेच क्लेमेंटीत, आमच्या वस्तीतल्या कम्युनिटी क्लबमध्ये स्पॅनिशचा वर्ग, दर सोमवारी. शिकवणारी इनेस माझ्या के.च्या वयाची. कशासाठी शिकताय, तिने एकेकाला विचारलं. कुणी फुटबॉलसाठी, कुणी सहलीसाठी. मी म्हटलं, "टु स्पीक टु माय..." आणि अडले. विहीण! इंग्रजीत शब्दच नाही. डॉटर्स हजबंड्स मदर असं काहीतरी लांबड लावलं.
"आह, कोन्सुएग्रा!" इनेस म्हणाली.
त्यांच्याकडे शब्द आहे. रुमाल सापडेना.

२ मार्च
भूतकाळ. यामार, म्हणजे हाक मारणे. फोन करणे हेही तेच. यामे, यामास्ते, यामो. मी हाक मारली, तू मारलीस, त्याने मारली. शाळेत सिस्टर पट्टी आपटत गो-वेंट-गॉन म्हणून घ्यायच्या, अगदी तस्सा कोरस. क्षणभर दोन वेण्या, निळा पिनाफोर, मेण लावलेल्या फरशीचा वास.
आपल्याकडे 'मारली' ही हाकेची. मारणारा कोण, पुरुष की बाई, त्या 'ली'ला काही घेणं नाही. स्पॅनिशमध्ये आधी माणूस.

९ मार्च
इनेसचं बोट कपाटाच्या दारात चेमटलं. "आय!" ओरडली. सगळे हसले. मी नाही.
ताप मेंदूत गेल्यावर आं. दोन दिवस बोलला नव्हता. त्या शेवटच्या दुपारी एकदम म्हणाला, आय, आय. के.चं ऐकून मला आईच म्हणायचा तो. मी "आले रे राजा" म्हणत हात धरला. पुढे काही नाही.
आजवर धरून चालले होते की मला हाक मारली. पिलारबाईंना तो 'मामा' म्हणायचा, त्यावरून आम्ही हसायचो. म्हणजे त्यांना नाही, मला. हे त्यांना कसं सांगू, याच घोरात होते.
आणि आता हे, दुखलं की त्यांच्याकडे 'आय'च ओरडतात. नुसतं दुखत असेल.

२२ मार्च
के. म्हणाली, "हो म्हणून टाक ना. काय बिघडतं?"
"खोटं असलं तर?"
"खरं असलं तर?"
संध्याकाळी पि.बाईंचा फोन आला, पुन्हा तोच प्रश्न. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "सी. ते यामो." हो, तुम्हाला हाक मारली.
त्या "ग्रासियास", आभार, म्हणाल्या आणि फोन ठेवला. बस एवढंच? मला वाटलं होतं रडतील. जेवण गेलं नाही.

२३ मार्च
इनेसला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिने दोनदा म्हणायला लावलं. मग हळू आवाजात म्हणाली, जोर शेवटच्या 'ओ'वर हवा होता. तुमचा आधी पडला. तुम्ही म्हणालात, हो, मी फोन करते तुम्हाला.
वर्गात शेजारी बसणारे मिस्टर टान, निवृत्त ड्रायव्हर, समजावू लागले, "आंटी, लास्ट वन प्रेस हार्ड. लाइक लिफ्ट बटन, लाह!"
मी हसले. आं. गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि तेही यावर.
म्हणजे पि.बाई माझ्या फोनची वाट बघत असणार. खोटं बोलायचं होतं, तेही धड जमलं नाही. सुटले म्हणावं, तर तसंही नाही.

२९ मार्च
आठवडाभर धीर झाला नाही. आज लावला. हो सांगायचं की नाही, नंबर फिरवेपर्यंत ठरलं नव्हतं. पहिल्या रिंगला उचलला.
"यामास्ते," म्हणाल्या. तू फोन केलास. कुणाला न विचारता कळलं.
"यामे," मी म्हटलं. केला.
मग बराच वेळ त्याच बोलत होत्या. आंद्रेस, आंद्रेस, आणि 'यामाबा, यामाबा'. हे रूप वर्गात अजून झालेलं नाही. फोन के.च्या कानाला लावला. ती उभ्या उभ्या ऐकत राहिली.
"हाक मारायचा, म्हणतायत. लहानपणी. जिन्यातून, रस्त्यातून, उठसूट."
तिने फोन परत दिला नाही. दोघी आत गेल्या, ती आणि फोनमधल्या त्या. दार उघडंच होतं.
मला तो प्रश्न आज विचारला नाही. मीही काढला नाही. रविवारी पुन्हा फोन करायचा आहे.