नदीकाठचा चर

प्रिय बाबा,

तुमचा गुडघा आता बरा असेल. इथे सेव्हर्न नदी रोज वीतभर काठ खातेय. रोमन हवेलीचं स्नानगृह पाण्यापासून चार पावलांवर आलंय. हिवाळ्यातल्या पुराआधी उरलेलं सगळं खणून घ्यायचंय, त्यात तुम्ही खणलेला नदीकाठचा जुना चरही आला.

फोनवर हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्या चराला हात लावू नकोस, रोझी. नदीचं नदीला जाऊ दे." मला रागच आला. म्हातारपणी माणूस हेकट होतो, असं आमच्या मुकादमाला, ट्रेव्हरला, म्हटलंसुद्धा. त्याच्या जिभेला हाड नाही. प्रोफेसरसाहेबांनी खणलंय म्हणजे आपल्याला चमचाभर मातीही उरली नसणार, म्हणाला.

आज सकाळी चर उघडला. चर बुजवताना तळाशी त्या वर्षाचं नाणं ठेवायचं, म्हणजे पुढच्या खणणाऱ्याला कळतं, ही आपली रीत तुम्हीच मला सातव्या वर्षी शिकवलीत. नाणं मिळालं, १९७८चं, दोन पेन्सचं. पण ते तळाशी नव्हतं. चराची एक बाजू ढासळली होती. माती धरून ठेवायला लावतात त्या आधाराच्या फळ्या कुठेच नव्हत्या. त्या ढासळलेल्या मातीवर तुम्ही नाणं नीट ठेवलं होतंत, आणि वर भर घातली होतीत. हात सवयीनेच गेला असेल. मी नाण्याखाली खणलं. बूट निघाला. बुटात हाडं होती.

तुमचा विद्यार्थी अल्विन प्रॉसर त्याच उन्हाळ्यात नदीत बुडाला, असं मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्याला पोहायला उतरताना पाहिलं, हे पोलिसांना सांगणारे एकटे तुम्हीच होतात. बाबा, मला तुमची भीती वाटतेय, आणि हे लिहिताना रडूही येतंय.

पाणी उपसायचा पंप बिघडलाय असं ट्रेव्हरला सांगून मी चर झाकून ठेवलाय. अल्विनची आई अजून आहे, शहाऐंशी वर्षांची. दर ऑगस्टमध्ये ती घरचा केक घेऊन येते, आम्हाला वाटून देते आणि मग काठावर बसून पाण्याशी बोलते. चराकडे तिची पाठ असते. या शुक्रवारी ती येणार आहे. गुरुवारी दुपारी मी पोलिसांना फोन करणार, तो तुमच्यासाठीही टळणार नाही. पण तिचा मुलगा इतकी वर्षं तिच्या पाठीमागे होता, हे तिला परक्या माणसाने सांगू नये. बुधवारी सकाळी मी गाडी घेऊन येतेय. तिच्या दारापर्यंत सोबत असेन. बोलायचं मात्र तुम्ही.

काही झालं तरी तुमचीच,
रोझी